क्लायंट ‘पुट ऑफ’ झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसले. मग आठवलं, ही चूक माझ्याकडे दर बॅचला कोणी ना कोणी करतंच. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहात. इंग्लंडमधल्या ग्राहकाला तुम्ही मेल टाकला, ‘यू हॅव नॉट सेंट द फाइल्स टिल डेट. डू द नीडफुल इमिजिएटली.’ दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, ‘द क्लायंट वॉज पुट ऑफ बाय युवर मेल.’ शाळेत ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे असं पाठ केलेलं, म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘नोटेड सर, प्लीज शेअर द न्यू डेट.’ त्यानंतर सर गप्प. आता तुम्हाला ‘पुट ऑफ’च्या सगळ्या अर्थांची यादी हवी आहे, आणि सरांना काय लिहायचं तेही.

यादी मी देणार नाही. धरमपेठेत गेली २४ वर्षं इंग्रजीचे वर्ग घेते आहे, संध्याकाळच्या बॅचला बहुतेक नोकरीवालेच असतात. सुरुवातीची काही वर्षं मीही याद्या वाटल्या, चांगल्या झेरॉक्स काढून. मुलांनी त्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या आणि ऑफिसात जाऊन तुम्ही केलंत तेच केलं. कारण अडचण अर्थ माहीत नसण्याची नव्हतीच. तुम्ही क्रियापद पाहिलंत, पण ते कोणावर घडलं तिकडे तुमचं लक्ष गेलं नाही. त्या वाक्यात ‘पुट ऑफ’ काय झालं? मीटिंग नाही, तारीख नाही. क्लायंट झाला. आता जिवंत माणूस पुढच्या सोमवारपर्यंत कसा ढकलणार? एवढा एक प्रश्न मनात आला असता तर हात थांबला असता.

आता तुम्ही म्हणाल, एकाच क्रियापदाने दोन कामं का करावीत. मराठीत आपण हे रोज करतो, फक्त जाणवत नाही. ‘करून टाक’ म्हणताना कोणी काही टाकत नाही. ‘लिहून काढ’ म्हटल्यावर आतून काही बाहेर येत नाही. आणि आपल्या नागपुरात तर विचारायलाच नको. पुण्याहून नवीन बदली होऊन आलेल्या माणसाला ‘काय करून राहिला भाऊ?’ असं विचारलं की तो क्षणभर गोंधळतो, करून झालं आणि मग कुठे राहिला? आपल्याला ठाऊक असतं की तिथल्या ‘राहिला’चा राहण्याशी संबंध नाही, काम चालू आहे एवढंच तो सांगतो. इंग्रजीतलं ‘ऑफ’ त्याच जातीचं आहे. मुख्य क्रियापदाला चिकटून ते त्याचा रोख बदलतं. आपल्यालाच हे जड जातं असंही नाही. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास या जोडक्रियापदांचाच होतो.

‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे लांब, सुटून, वेगळं. दोन्ही मिळून ‘दूर सारणे’. मी वर्गात फळ्यावर एवढंच लिहिते. जुन्या इंग्रजीत हे अगदी शब्दशः होतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देव मोशेला सांगतो की पायातल्या वहाणा ‘पुट ऑफ’ कर, म्हणजे काढून ठेव. आज कपड्या-चपलांसाठी कोणी असं म्हणत नाही, ‘टेक ऑफ’ म्हणतात. पण चित्र तेच आहे. अंगाला लागलेलं काहीतरी बाजूला सारायचं. गंमत म्हणजे ज्या ‘पोस्टपोन’ला आपण भारदस्त शब्द समजतो त्याचा लॅटिन सांगाडाही ‘नंतर’ अधिक ‘ठेवणे’ असाच आहे. आणि आपलं ‘लांबणीवर टाकणे’? तेच की.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून आता पाहा की सारलं काय जातंय.

सारलेली गोष्ट काम, कार्यक्रम किंवा निर्णय असेल तर ती काळात पुढे जाते. हा तुम्हाला येणारा अर्थ, त्यावर जास्त बोलत नाही. पण दोन ठिकाणी आपली मंडळी घसरतात. एक, ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा टोकियो ऑलिंपिक ‘पुट ऑफ’ झालं, ते २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालंच. त्याच वर्षीचं विंबल्डन ‘कॉल ऑफ’ झालं, म्हणजे त्या वर्षापुरतं रद्दच. ज्याने तिकीट काढलं त्याला या दोन शब्दांतला फरक चांगला कळतो. आपलं २०२० आणि २०२१ चं हिवाळी अधिवेशन यापैकी कशातच बसत नाही. ते मुंबईत हलवलं, त्याला ‘शिफ्टेड’. नागपूरकरांच्या मनात ते ‘कॉल ऑफ’च झालं होतं, तो भाग वेगळा.

दुसरं, ‘पुट ऑफ’ आणि ‘डिले’. जामठ्याला २३ सप्टेंबर २०२२ ला भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी होती. मैदान ओलं होतं, म्हणून सामना उशिरा सुरू झाला आणि शेवटी ८-८ षटकांचा खेळवला. तो सामना ‘डिलेड’ होता, ‘पुट ऑफ’ नव्हे. ‘पुट ऑफ’मध्ये कोणीतरी ठरवून दुसरा दिवस किंवा दुसरी वेळ पकडलेली असते, नाहीतर निदान ‘आज नको’ असं मनाशी ठरवलेलं असतं. गाडी अजनीला अर्धा तास उभी राहिली तर ती ‘पुट ऑफ’ होत नाही.

आता सारलेली गोष्ट माणूस असेल तर? इथे मजा आहे, आणि तुमचं घोडं इथेच अडलं.

माझ्याच घरचा किस्सा सांगते. दरवर्षी मार्च सरता सरता कूलर काढायचा, टाकी धुवायची, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का पाहायचं. हे काम मी दरवर्षी ढकलते. ‘आय पुट इट ऑफ एव्हरी यर.’ एका वर्षी एप्रिल लागला, पारा बेचाळीसवर गेला, तेव्हा कूलरवाल्याला फोन केला. ‘उद्या येतो मॅडम.’ उद्या आला नाही. ‘आज लई काम आहे, परवा नक्की.’ परवा फोनच उचलला नाही. चौथ्या दिवशी ‘मालच नाही आला मॅडम, ताट्या आल्या की तुमचंच पहिलं.’ असे नऊ दिवस गेले. आता इंग्रजीत काय म्हणाल? ‘ही केप्ट पुटिंग मी ऑफ.’ त्याने कूलर पुढे ढकलला असंही म्हणता येईल, पण या वाक्यात ढकलली गेले मी. मराठीत याला नेमका शब्द आहे, टोलवणे. तो मला टोलवत होता, वेळ मारून नेत होता. एकाच गोष्टीत दोन्ही अर्थ बसलेत. मार्चमध्ये मी कामाला दूर सारलं, एप्रिलमध्ये त्याने मला दूर सारलं. वर्गात हा किस्सा सांगितला की मुलांना आपापला कूलरवाला आठवतो, आणि मग ‘पुट मी ऑफ’ कोणी विसरत नाही. सरकारी खिडकीवर ‘साहेब जेवायला गेले’ ऐकून परत आलेला प्रत्येक जण ‘पुट ऑफ’ झालेलाच असतो.

माणसाचा दुसरा अर्थ म्हणजे तुमच्या सरांचा. इथे माणूस हाताने नाही, मनाने दूर सारला जातो. एखादी गोष्ट करायची इच्छा असते, आणि असं काही दिसतं, ऐकू येतं किंवा वास येतो की मन मागे सरतं. समजा, तुमच्याकडे बाहेरगावचा पाहुणा आलाय, तुम्ही हौसेने त्याला सावजीत नेलंत, आणि रश्श्यावरचा तो लाल तवंग पाहूनच त्याने पोळी खाली ठेवली. ‘द ऑइल पुट हिम ऑफ.’ चव घेतलीच नाही बिचाऱ्याने. किंवा मे महिन्यात नागपूरला यायचं म्हणणाऱ्या मित्राला तुम्ही लिहिता, ‘डोन्ट लेट द हीट पुट यू ऑफ’, उन्हाच्या धाकाने बेत मोडू नकोस. याच्यापुढे ती गोष्टही जोडता येते. ‘इट पुट हिम ऑफ मटन’, त्याचं मटणावरून मन उडालं. ‘इट पुट मी ऑफ ड्रायव्हिंग’, गाडी चालवणंच नको वाटायला लागलं.

मराठीत याला एकच शब्द शोधू नका, सापडणार नाही. कधी ‘मन उडणे’, कधी ‘नको वाटणे’, कधी ‘पाय मागे घेणे’, माणसाबद्दल असेल तर ‘मनातून उतरणे’. तुमच्या वाक्याचं मराठी मी असं करेन: ‘तुमच्या मेलचा सूर त्यांना रुचला नाही, ते जरा दुरावलेत.’ वजन लक्षात घ्या. ‘पुट ऑफ’ म्हणजे चिडणे नाही, अपमान वाटणेही नाही. ‘खटकणे’पेक्षा थोडं जास्त, ‘राग येणे’पेक्षा बरंच कमी. क्लायंट रागावला असता तर सरांनी दुसरा शब्द वापरला असता, आणि बहुधा मेल न करता फोन केला असता. म्हणून घाबरून लांबलचक माफीनामा लिहू नका.

तिसरी एक छटा इंग्लंडकडच्यांच्या बोलण्यात जास्त ऐकू येते. कॅरममध्ये राणीवर नेम धरलाय, आणि समोरचा मुद्दाम खोकतोय. ‘स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ.’ म्हणजे लक्ष उडवू नको. तुमचा क्लायंट इंग्लंडचा आहे म्हणून ही माहीत असू द्या.

मग वाक्यात कोणता अर्थ आहे ते कसं ओळखायचं? आधी म्हटलं तसं, काय सारलंय ते पाहा. तुमच्यासारख्या वाक्यात मात्र एक फसवणूक असते. ‘वॉज पुट ऑफ’ हा कर्मणी प्रयोग, त्यात सारलेली गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसते आणि कर्त्यासारखी दिसते. म्हणून ‘क्लायंट वॉज पुट ऑफ’ वाचताना क्लायंटनेच काहीतरी पुढे ढकललं असं वाटतं. तसं असतं तर ‘द क्लायंट पुट ऑफ द कॉल’ असं लिहिलं असतं, मध्ये ‘वॉज’ आलं नसतं. तेवढं एक ‘वॉज’ तुम्ही डोळ्यांआड केलंत.

शेवटी काय आलंय तेही पाहा. ‘टिल मंडे’, ‘अनटिल नेक्स्ट मंथ’, ‘फॉर अ वीक’ असं काळाचं शेपूट असेल तर पुढे ढकलणे. ‘बाय’ आणि त्यानंतर एखादी गोष्ट, सूर, वास, किंमत असेल तर मन उडणे. हा नियम मी दगडावरची रेघ म्हणून सांगत नाही. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ बाय अ वीक’ हेही बरोबर इंग्रजी आहे, तिथे ‘बाय’ म्हणजे ‘आठवड्याने’. पण तिथे सुरुवातीला मीटिंग आहे, माणूस नाही. दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या की सहसा चुकत नाही. तरीही क्वचित वाक्य खरोखर दोन्हीकडे झुकतं. ‘दे पुट अस ऑफ’ एवढंच कोणी म्हटलं, तर त्यांनी आपल्याला टोलवलं की आपल्याला ते आवडले नाहीत, हे मागचं-पुढचं कळल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही. अशा वेळी विचारावं. त्यात कमीपणा नाही.

वापरताना होणाऱ्या चुका आता भराभर सांगते. ‘पुट’चं भूतकाळी रूप ‘पुट’च, ‘पुटेड’ नाही. लिहिताना ‘ऑफ’मधला एक एफ गाळू नका. मूळचा तो आणि ‘ऑव्ह’ एकच शब्द होता, पुढे दोन झाले. आता मिसळू नका. सर्वनाम नेहमी मध्ये, ‘पुट इट ऑफ’, ‘पुट देम ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हटलं की समोरच्याच्या कानाला लगेच लागतं. नाम असेल तर दोन्ही चालतं, पण नाम लांबलचक असेल तर ‘ऑफ’ आधी उरकून घ्या. त्या ‘ऑफ’ला वाक्याच्या टोकापर्यंत ताटकळत ठेवलं की वाचणारा थकतो.

आणि पुढे दुसरं क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावायचं. परवाच एकाने विचारलं, ‘मॅडम, आय पुट ऑफ टु गो, हे काऊन नाही चालत? जायचं पुढे ढकललं, जायचं म्हणजे टु गो ना?’ तर्क त्याचा चांगला होता. मी विचारलं, तू ढकललं काय? तो म्हणाला, ‘जाणं.’ बस, ‘जाणं’ हे नाम झालं, म्हणून ‘गोइंग’. ‘आय पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.’ दातवाल्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं. त्या वाक्यात सगळ्यांचा अनुभव सारखाच असतो.

विशेषण करायचं तर शब्द उलटे होतात, ‘ऑफ-पुटिंग’. तुमच्या मेलला क्लायंट हेच म्हणाला असेल. लाइट-पंख्यांसाठी ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडे घरोघरी चालतं, कोणाला समजायला अडत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त ऐकाल. आपल्या माणसांत बोलताना मी हे दुरुस्त करत नाही. परदेशी माणसाशी बोलणार असाल तर ‘स्विच ऑफ’ म्हणा.

राहता राहिलं कुठे वापरायचं. बोलताना, सहकाऱ्याला मेसेज टाकताना ‘पुट ऑफ’ अगदी सहज. निविदा, करार, सरकारी पत्र असेल तर ‘पोस्टपोन’ बरा. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र ‘पुट ऑफ’ आवडता, कारण जागा कमी लागते. सरावासाठी आपल्याकडे १९११ पासून निघणारं इंग्रजी वर्तमानपत्र ‘हितवाद’ आहेच. आठवडाभर मथळे चाळा, ‘पुट ऑफ’ दिसलं की काय सारलं गेलं तेवढंच समासात पेन्सिलीने लिहा. परीक्षा, सुनावणी, सभा. मथळ्यांत बहुतेक पहिलाच अर्थ भेटेल. माणूस ‘पुट ऑफ’ झालेला हवा असेल तर गोष्टी, मुलाखती, हॉटेलांची परीक्षणं वाचा, तिथे तो भरपूर सापडतो. आणि हो, ‘प्रीपोन’ बिनधास्त वापरा, ऑक्सफर्डच्या कोशातही तो आता आहे. फक्त इंग्लंडच्या माणसाला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लवकर समजेल.

आता तुमचं काम. आधी पाहा की दुरावा कशाने आला. ‘यू हॅव नॉट सेंट’ मराठी मनाला साधी माहिती वाटते, ‘तुम्ही पाठवलं नाही’. इंग्रज वाचकाला त्यात बोट दाखवलेलं दिसतं. ‘डू द नीडफुल’ आपल्या ऑफिसांत नमस्कारासारखं चालतं, तिकडे ते आता जुनाट आणि हुकमी वाटतं. त्यावर ‘इमिजिएटली’. तुमच्या मनात उद्धटपणा नव्हता हे मला कळतं, सरांनाही कळत असेल. भारतातल्याच ग्राहकाला हा मेल गेला असता तर बहुधा काहीच झालं नसतं. अमेरिकन असता तर काय झालं असतं हे त्या माणसावर.

सरांना एवढंच लिहा: ‘सर, आय मिसरेड युवर मेसेज. आय अ‍ॅम सॉरी माय मेल पुट देम ऑफ. आय विल राइट टु देम टुडे अँड कॉपी यू.’ ‘पुट देम ऑफ’ मुद्दाम घातलं आहे, म्हणजे या वेळी तुम्हाला अर्थ कळला हे त्यांना न सांगता कळेल. तुम्ही स्वतःहून ‘न्यू डेट’चा उल्लेख करू नका, सर त्यावरून चिडवतील तेव्हा हसून घ्या.

क्लायंटला आजच लिहा. माफी एका वाक्यात, मग लगेच काम. ‘आय अ‍ॅम सॉरी माय लास्ट मेल साउंडेड अब्रप्ट. कुड यू सेंड द फाइल्स बाय थर्सडे, सो दॅट वी कॅन स्टार्ट ऑन टाइम?’ ‘तुम्ही पाठवलं नाही’ गेलं, ‘पाठवू शकाल का’ आलं, आणि घाई कशासाठी तेही कळलं. दिवस तुमच्या कामाप्रमाणे बदला. शेवटी ‘डू द नीडफुल’ लिहायला बोटं शिवशिवतील, तेवढी आवरा.

उत्तर आलं की इथे कळवा. त्यात ‘नो वरीज’ असेल तर ते शब्दशः घ्या, त्यात दुसरा अर्थ नाही.